टिक्स असलेल्या मुलासाठी तबला-डग्गा घ्यावा का? शिकाऊ जोडीचं परीक्षण

शिसमच्या खोडाचा साडेपाच इंची तबला, पितळी डग्गा, खाली ठेवायच्या दोन चुंबळी (कापडी कडी), हातोडी, गवसणी (कापडी पिशवी). दुकानात ‘शिकाऊ जोडी’ मागितली की साधारण एवढं हातात पडतं. डोळे मिचकावणं, मान किंवा खांदा उडवणं, सतत घसा खाकरणं असे टिक्स (नकळत, पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली किंवा आवाज) असलेल्या मुलासाठी ही खरेदी आम्हाला फार मोलाची वाटते. मात्र जोडी सुरात लागणारी हवी आणि मुलाला तालाची गोडी हवी. गोडी नसेल तर पैसे घालवू नका.

टिक येण्याआधी बहुतेकांना त्या जागी खाज किंवा ताण दाटल्यासारखं वाटतं. टिक थोडा वेळ दाबता येतो, पण दाबण्यातच लक्ष खर्च होतं. म्हणूनच वर्गात शांत बसलेल्या अशा मुलाला कित्येकदा फळ्यावरचं काहीच उमगलेलं नसतं. रमलेलं मूल काही दाबत नसतं. त्याचं लक्ष मुळात दुसरीकडे असतं, आणि बऱ्याच जणांचे टिक्स तेवढ्या वेळापुरते आपोआप कमी होतात. अमेरिकेचा माजी फुटबॉल गोलरक्षक टिम हॉवर्ड याला टुरेट सिंड्रोम (हालचालींचे आणि आवाजाचे टिक्स दीर्घकाळ राहणारा विकार) आहे. चेंडू लांब असताना स्नायू उडतात, पण गोलसमोर धामधूम सुरू झाली की ते थांबतात, असं त्यानेच सांगितलं आहे.

तबल्यात अशी धामधूम पहिल्या आठवड्यापासून मिळते. उजवा हात किनारीवर ‘ना’ काढतो, डावा डग्ग्यावर ‘घे’ची घुमक देतो, कान लेहऱ्याकडे (तालासोबत फिरत राहणारी धून) आणि मन समेकडे (तालाची पहिली मात्रा, म्हणजे ठोका). वाजवण्याआधी पढंत, म्हणजे बोल म्हणणं, जरूर करावी: सोळा मात्रांच्या तीनतालाचे ‘धा धिं धिं धा’ तोंडाने मोठ्याने, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली (टाळीऐवजी हात नुसता हलवणं). घशाचे टिक्स असतील तर पढंत विशेष उपयोगी, कारण श्वास आणि आवाज दोन्ही बोलांत गुंततात. लेहऱ्याच्या ॲपवर लय मिनिटाला 60 मात्रांच्या आसपास ठेवा. ठेका (तालाचे मूळ बोल) हातात बसला, की ‘धाधा तिट धाधा तूना’सारखा कायदा (विस्तार करता येणारी बोलरचना) घ्या. फार सोपं झालं की मन भटकतं, फार अवघड झालं की चिडचिड होते. दोन्हींत टिक्स परततात.

आता वस्तूकडे. डग्गा वजनदारच घ्या. हलका डग्गा मनगटाच्या दाबाने सरकतो, आणि हाताचा टिक असेल तर कलंडतोही. चुंबळ घट्ट आणि रुंद हवी. साडेपाच इंची तबला साधारण काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लागतो. घेताना पुडीची (वरच्या चामड्याची) सगळी 16 घरं, म्हणजे कडेचे भाग, वाजवून पाहा. एकाच घरात सूर उतरलेला असेल तर गजऱ्यावर (पुडीच्या कडेची चामड्याची वेणी) वरून हलका ठोका द्या, चढलेला असेल तर खालून. सगळाच तबला उतरला असेल तर गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली सरकवा. शाईला (पुडीवरचा काळा गोल) बारीक भेगा असतातच, पण खपली उडालेली जोडी नको. पावसाळ्यात दमट हवेने चामडं सैल पडून सूर उतरतो. बेसूर तबल्यात कोणी रमत नाही, मग मूल कंटाळलं असं घरच्यांना वाटतं. म्हणून लावायला पहिल्यांदाच शिका.

मान जोरात उडत असेल तर मांडी घालून वाकून बसणं त्रासाचं. जोडी स्टँडवर ठेवून खुर्चीत बसवा. एकदम तासभर नको, दहा-पंधरा मिनिटांच्या दोन बैठका पुरतात. दमलं की टिक्स वाढतात. मध्येच टिक आला तर ठेका थांबवू नका, पुढच्या समेवर सगळे भेटतातच. शिकवणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. ‘मान सरळ ठेव’ अशी एक हाक, आणि मुलाचं लक्ष पुन्हा मानेवर! परीक्षा आणि रंगमंच यांची घाई तर मुळीच नको. ताणाने टिक्स वाढतात, मग तेच वाद्य नकोसं होतं.

वादन संपल्यावर टिक्स पुन्हा दिसतील. तबला हा उपचार नाही. त्रास होत असेल तर सीबीआयटी ही वर्तनोपचार पद्धत आहे, 2010 च्या मोठ्या चाचणीत 10 आठवड्यांत 8 सत्रं देऊन तिचा फायदा दिसला होता. शिवाय टिक्स मुळातच काही आठवडे वाढतात, काही आठवडे ओसरतात. त्यामुळे महिन्याभरात फरक पडला की सगळं श्रेय तबल्याला देऊ नका, आणि वाढले म्हणून जोडी माळ्यावर टाकू नका.

आवाज मोठा आहे, चाळीत किंवा फ्लॅटमध्ये वेळ पाळावी लागेल. कीबोर्डला हेडफोन लावता येतो, ती सोय इथे नाही. तरीही दोन्ही हात, कान आणि तोंड इतक्या लवकर एकत्र गुंतवणारं दुसरं शिकाऊ वाद्य आम्हाला सुचत नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण लावण्याच्या खटपटीचा कापला. शक्य असेल तर आधी महिनाभर भाड्याची जोडी आणा, आणि मूल न सांगता स्वतःहून गवसणी सोडतं का, तेवढं पाहा.