रिसीव्हरचा आतला फोनो की बाहेरचा प्रीअॅम्प?
लातूरच्या मावसभावाचा प्रश्न: आप्पांच्या रिसीव्हरवर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकत्र असलेला संच) तबकडी लावली की डावीकडून खरखर येते, आतला फोनो (तबकडीचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) दुरुस्त करू की तेच काम करणारा बाहेरचा डबा, म्हणजे फोनो प्रीअॅम्प, घेऊ?

आधी ऑक्सवर (फोनोतून न जाणारी साधी इनपुट) काहीतरी ऐक. तिथे स्वच्छ वाजलं, तरच दोष फोनोत असू शकतो.

खर्चात दुरुस्ती स्वस्त. बहुधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत द्रव असलेले, वीज साठवणारे भाग) सुकलेले असतात (आपल्या उन्हाळ्यात लवकरच), नाहीतर एखादा ट्रान्झिस्टर. मेहनत मात्र खरी. सुईचे जेमतेम ५ मिलिव्होल्ट फोनोत सुमारे १०० पट होतात, आणि आरआयएए वक्रानुसार (तबकड्यांसाठी ठरलेलं स्वरांचं प्रमाण) खर्ज उचलून तार स्वर दाबले जातात. हा वक्र घडवणाऱ्या सर्किटमधल्या भागांची मूल्यं बदलू नकोस. उजवी बाजू शाबूत आहे. तिचे व्होल्टेज मोजून डावीशी ताडून बघ.

बाहेरचा डबा ऑक्सला जोडला की काम झालं, पण त्याचा वीजपुरवठ्याचा अडॅप्टर स्वस्त असेल तर आवाजात गुणगुण येऊ शकते.

हातात सोल्डरिंग असेल तर दुरुस्तीच कर. आठवड्यात गाणी ऐकायची असतील तर डबा घे.