मन्याच्या पिसांसाठी पाचपाखाडीच्या पक्ष्यांच्या दवाखान्यात

मन्या आमचा आफ्रिकन ग्रे पोपट. २०११ साली यांचे ऑफिसातले स्नेही दुबईला गेले तेव्हा पिंजऱ्यासकट आमच्या ठाण्यातल्या चरईच्या घरी आला. गेल्या दिवाळीनंतर तो छातीची पिसं उपटायला लागला. जानेवारीपर्यंत छाती पार उघडी पडली आणि डाव्या पंखाच्या पडद्यावर रुपयाएवढी ओली जखम झाली.

आधी एका दुकानदाराने उवांचं औषध दिलं. मग दुसऱ्या एका दवाखान्यात ‘एकटेपणामुळे करतो’ असं सांगून मलम लिहून दिलं. मलमाने पिसं चिकटली, ती साफ करायला तो दिवसभर चोच मारत बसला आणि जखम वाढली. पक्ष्याला तेलकट मलम लावायचं नसतं, पिसांची ऊब जाते आणि औषध चोचीवाटे पोटात जातं, हे मला या पाचपाखाडीच्या दवाखान्यात कळलं.

पहिल्या भेटीला पाऊण तास लागला. डॉक्टरांनी मन्याला लगेच हात लावला नाही. तो पिंजऱ्यात बसलेला असतानाच त्या त्याच्याकडे बघत मला विचारत होत्या: खातो काय, झोपतो किती, आंघोळ करतो का, घरात धूप किंवा मच्छरांची कॉइल लागते का. पिंजऱ्याच्या तळाचा कागद काढून विष्ठा बघितली. मग म्हणाल्या, “काकू, त्याचं डोकं बघा.” डोक्यावरची पिसं अगदी नीटनेटकी होती. चोच पोचत नाही तिथे पीस शाबूत, म्हणजे तो स्वतःच उपटतोय. पोपटांना चोच आणि पिसांचा एक विषाणूजन्य आजार होतो, त्यात बहुधा डोक्यावरची पिसंही वेडीवाकडी येतात. तरी नुसत्या नजरेवर न थांबता त्यांनी रक्त आणि एक कोवळं पीस पीसीआरसाठी, म्हणजे विषाणू शोधणाऱ्या चाचणीसाठी, बाहेरच्या लॅबला पाठवलं.

मी ३१ वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते. हजारो मुलांना कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली लावून दिली आहे. त्यामुळे पुढचं मी कधी विसरणार नाही. डॉक्टरांनी काचपट्टी जखमेवर हलकेच टेकवली, जिवाणू ओळखायचा ग्रॅमचा रंग दिला, आणि स्वतः बघून झाल्यावर मला बोलावलं. जांभळ्या ठिपक्यांचे घोस होते, द्राक्षांसारखे. स्टॅफिलोकोकस नावाचे जिवाणू असावेत, असं त्या म्हणाल्या. खरवडीत किडे नव्हते, बुरशी नव्हती. म्हणजे उवांचं औषध मन्याने उगाचच सोसलं. कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल हे कल्चरवरून, म्हणजे जखमेतले जिवाणू लॅबमध्ये वाढवून, ठरल्यावरच औषध सुरू झालं. तेवढ्याने भागलं नसतं, तर कातडीचे दोन बारीक तुकडे घेणार होत्या, एक बिघडलेल्या जागेचा आणि एक चांगल्या जागेचा, तुलनेसाठी. ती वेळ आली नाही.

मूळ दोष मात्र आमच्याच वाटीत होता. सूर्यफुलाच्या बिया त्याला आवडतात म्हणून आम्ही वर्षानुवर्षं त्याच दिल्या. त्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही, कॅल्शियमही कमी, आणि पक्ष्याची कातडी आधीच फार पातळ. आता लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, आणि रोज सकाळी पाण्याचा फवारा. हा मध्य आफ्रिकेच्या ओल्या जंगलांतला पक्षी. आमच्या पंख्याखाली कोरडा पडला होता.

मला सर्वात भावलं ते हे, की मन्या कोण आहे याची इथे जाणीव आहे. ग्रे पोपट २०१६ पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे, जंगलातून धरलेल्या पक्ष्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. डॉक्टरांनी अशा विदेशी पक्ष्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवरची २०२४ च्या नियमांनुसारची नोंदणी विचारली, आमची होती. गॅलरीत मी रानपोपटांना शेंगदाणे ठेवते हे ऐकून त्यांनी मन्याचा पिंजरा तिथून हलवायला सांगितलं, रानपोपटांकडून विषाणू येऊ शकतो म्हणून. मॉरिशसचा इको पोपट १९८० च्या दशकात जेमतेम १०-२० उरला होता. फार कष्टाने तो शेकड्यांवर नेला, आणि मग त्याच्यात याच चोच-पिसांच्या विषाणूची साथ आली. आपल्याकडचा हिरवा पोपट माणसांनी तिथे नेलेला आहे, त्याच्यातही तो विषाणू सापडतो. हे ऐकल्यावर मी पिंजऱ्याची जागा त्याच संध्याकाळी बदलली.

तक्रारीही आहेत. पक्ष्यांची वेळ वेगळी म्हणतात, पण आमच्या वेळी शेजारी मोठा कुत्रा भुंकत होता आणि मन्या थरथरत होता. पिंजऱ्यावर चादर घालून न्या. फोन दुपारी उचलत नाहीत. रिपोर्टला ९ दिवस लागले. पहिल्या खेपेचा खर्च ५ हजारांच्या वर गेला, आणि जिना चढून पिंजरा न्यावा लागतो. मला तपासण्यांचा पैसा अजिबात जड वाटला नाही, कारण प्रत्येक तपासणी कशासाठी ते आधी सांगितलं.

पीसीआर निगेटिव्ह आला. ९० दिवसांनी परत करायचा आहे, तो पुढच्या गुरुवारी. जखम भरली आहे. छातीवर राखाडी खुंट आलेत, अजून आवरणात गुंडाळलेले, आणि मन्या ते उपटत नाही. चोचीने एकेक आवरण सोलतो, थांबतो, पुन्हा सोलतो.