बुलेटमागची ट्रॉली आणि माझे अडतीस हजार

गेल्या आठवड्यात पारोळ्याहून एका मुलाचा फोन आला. "दादा, तुमच्या बुलेटमागे आहे ती ट्रॉली कशी चालते? मी बयाणा द्यायला निघालोय." ज्या ट्रॉलीवाल्याने मला फसवलं तो माझ्याच गाडीचा फोटो दाखवून गिऱ्हाईक धरतोय, हे तेव्हा कळलं. त्या मुलाला थांबवलं. बाकीच्यांसाठी हे लिहितोय.

मला तंबू, स्टोव्ह आणि अंथरूण-पांघरूण घेऊन लांब फिरायचं होतं. धुळ्याजवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने काळ्या चकचकीत रंगाची दोन चाकी ट्रॉली दाखवली. "सगळं नवं माल आहे, पासिंगचे कागद पंधरा दिवसांत देतो. काही होत नाही भाऊ, बिनधास्त न्या." अडतीस हजार ठरले. पंधरा हजार फोनवरून पाठवले, बाकी रोख दिले. बिल मागितलं तर म्हणाला, कागदांसोबतच देतो.

कन्नडचा घाट चढताना गाडी जड वाटली, पण ते वजनामुळे असेल असं मी धरलं. परत चाळीसगावकडे उतरताना खरा प्रकार दिसला. वळणावर गाडी झुकवली की ती उभी व्हायलाच बघायची, जणू मागून कोणी हँडल धरून ठेवलंय. मग ट्रॉली डावी-उजवीकडे झोलायला लागली. मागून येणाऱ्या मित्राने हॉर्न मारून थांबवलं. उजव्या चाकातून धूर येत होता.

चाळीसगावच्या मिस्त्रीने चाक खोललं. बेअरिंगमध्ये ग्रीस नावालाही नव्हतं, रेस, म्हणजे बेअरिंगची कडी, तापून निळी पडलेली. ॲक्सलवरचा रंग खरवडला तर खाली जुनी भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली. कुठल्यातरी भंगार गाडीचा ॲक्सल होता तो. सगळ्यात वाईट म्हणजे 'हिच', ट्रॉली गाडीला जोडणारा भाग. मोटारसायकल वळणावर झुकते आणि दोन चाकी ट्रॉली सरळच राहते, म्हणून हा भाग स्वतःभोवती फिरलाच पाहिजे. माझा बोल्टसकट वेल्डिंग करून गच्च केलेला होता. कोणी पाठीमागे बसलं असतं तर, हा विचार अजून झोप उडवतो.

कागद आलेच नाहीत. आरटीओत गेलो तेव्हा समजलं, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६१ प्रमाणे ट्रेलरलाही स्वतंत्र नोंदणी लागते. त्यासाठी फॉर्म २१, म्हणजे विक्री प्रमाणपत्र, आणि फॉर्म २२, म्हणजे उत्पादकाचं प्रमाणपत्र हवं. शेडमध्ये वेल्डिंग मारणारा ते कुठून देणार?

तेव्हा पैशाला हात लावायच्या आधी दोन्ही फॉर्म हातात घ्या. हिच स्वतः धरून फिरवून पाहा, चाक उचलून गरगर फिरवून आवाज ऐका, मिस्त्रीसमोर बेअरिंग खोलायला लावा. हिच सुटला तरी ट्रॉली धरून ठेवणाऱ्या साखळ्या दोन असाव्यात, एकमेकींना ओलांडून बांधलेल्या. सामान भरल्यावर हिचखाली वजनकाटा ठेवा: भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के तिथे पडले पाहिजे. सगळा भार मागच्या बाजूला असला की ट्रॉली झोलते. माझ्या ट्रॉलीत डिकी मागे असल्याने तेही उलटंच होतं.

ट्रॉली आता मळ्यात कडब्याशेजारी उभी आहे. ओळखीच्या वकिलांनी ग्राहक आयोगात तक्रार करायला सांगितलंय. बिल नाही, रोख तेवीस हजारांचा पुरावा नाही. फोनवरून पाठवलेल्या पंधरा हजारांची नोंद तेवढी आहे, आणि आता त्या मुलाने मला पाठवलेला माझ्याच गाडीचा फोटो.