व्हायरसटोटल: लाल आकडा मोजू नका, नावं वाचा

फुकट सर्विस आहे, अकाउंट लागत नाही. साइट उघडायची, फाइल टाकायची आणि सत्तरच्या वर अँटिव्हायरस त्या एका फाइलबद्दल काय म्हणतात ते एका पानावर बघायचं. माझ्याकडून पाचपैकी चार. पण बहुतेक लोक ही साइट जशी वापरतात ते बघता जरा लांबण लावावी लागणार आहे.

आमचं ठाण्याला नौपाड्यात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईसाठी लावायचं काम. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, सोसायटीच्या नोटिसा, शिवाय कोर्ट नाक्याकडून येणारं टायपिंग, त्यामुळे दिवसभर दुसऱ्यांचे पेनड्राइव्ह आमच्या मशीनला लागतात आणि त्यातले कित्येक कुठून कुठून फिरून आलेले असतात, उघडलं की फोल्डर गायब आणि जागेवर नुसते शॉर्टकट. त्याची सवय आहे. यावेळची भानगड वेगळी होती. एका संस्थेच्या जुन्या स्मरणिकेचा मजकूर श्रीलिपीत, म्हणजे छपाईवाल्यांच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये होता, त्यांना तो मोबाइलवर, नेटवर कुठेही वाचता येईल अशा युनिकोडमध्ये पाहिजे होता, तर ओळखीतल्या एका डीटीपीवाल्याने स्वतः बनवलेला छोटासा कन्व्हर्टर मेल केला. डबल क्लिक केलं, खाली कोपऱ्यात लाल डबा आला, थ्रेट सापडला म्हणे, आणि फाइल नाहीशी. अँटिव्हायरसचं नाव घेत नाही, पैसे भरून घेतलेला आहे एवढंच सांगतो. दुकानातली मुलगी विचारते, दादा नेटची वायर काढू का. शेजारचा हार्डवेअरवाला कटिंग पीत पीत म्हणाला फॉरमॅट मारू, विंडोज नवीन टाकून देतो. प्रिंटर चालत नसला तरी तो हेच सांगतो.

आता फाइल नाहीशी झाली म्हणजे बहुतेक वेळा ती क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसच्या कोठडीत गेलेली असते, तिथे ती चालू शकत नाही आणि लागली तर परत काढता येते. म्हणजे घाई कसलीच नाही. काम अडलंय म्हणून 'अलाउ' दाबायचं नाही आणि घाबरून डिलीटही मारायचं नाही. माझ्या मोबाइलवर मेलमध्ये तीच फाइल होती, विंडोजची ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाइल, अँड्रॉइडवर चालत नाही, त्यामुळे तिथूनच व्हायरसटोटलवर चढवली. (६५० एमबीपर्यंत चालते, आमची फाइल तर अगदीच किरकोळ.)

निकाल आला, सत्तरएकपैकी सात लाल.

इथे लोकांच्या दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सात जण बोंबलतायत म्हणजे नक्की व्हायरस, दुसरी म्हणते साठच्या वर गप्प आहेत, बिनधास्त चालव. दोघंही नुसता आकडा बघतात. माझं म्हणणं एवढंच की ते सात कोण आणि ते काय नाव घेतायत ते वाचा. सोसायटीच्या मीटिंगला सात हात वर झाले आणि त्यातले चार एकाच घरातले निघाले तर ती सात मतं धरायची का? बिटडिफेंडर या अँटिव्हायरसचं व्हायरस शोधणारं इंजिन दुसऱ्या काही कंपन्या भाड्याने वापरतात, आपला मुंबईचा ई-स्कॅन, जर्मनीचा जीडेटा, एम्सीसॉफ्ट वगैरे, त्यामुळे एकाने लाल दाखवलं की बाकीचेही जवळजवळ त्याच नावाने लाल होतात. अव्हास्ट आणि एव्हीजी तर २०१६ पासून एकाच मालकाचे, त्यांची नावं अक्षरशः सारखी येतात. चेन्नईचं के७ यादीत दोनदा आहे. आमच्या सातमधले असे एका घरातले बाजूला काढले तर खरी मतं उरली तीन.

आणि ती तीन काय म्हणत होती? जेनेरिक, सस्पिशस, हेयुरिस्टिक. म्हणजे मालाची ओळख पटलेली नाही, नुसता संशय. काही नावांच्या शेवटी एमएल असतं, ते मशीन लर्निंगने लावलेलं अनुमान. संशय का आला तेही कळण्यासारखं होतं, कारण फाइलवर बनवणाऱ्याची डिजिटल सही नाही, साइझ कमी करायला ती यूपीएक्स नावाच्या टूलने पॅक केलेली, जगात वापरणारे मोजके, आणि ती क्लिपबोर्ड (कॉपी केलेला मजकूर राहतो ती जागा) आणि कीबोर्डवर लक्ष ठेवते. श्रीलिपीचा कन्व्हर्टर दुसरं करणार काय? पण दाबलेली प्रत्येक की टिपून पासवर्ड चोरणारा कीलॉगरही नेमकं हेच करतो, त्यामुळे अँटिव्हायरसला तरी दोष कसा देणार. डीटेल्स टॅबमध्ये ही फाइल साइटवर पहिल्यांदा कधी आली ते दिसतं, आमची त्याच दिवशी, म्हणजे मीच पहिला. बिहेविअर टॅबमध्ये त्यांच्या बंद मशीनवर फाइल चालवून तिने काय काय केलं त्याची यादी येते, हा टॅब कोणी उघडत नाही आणि खरा माल तिथेच आहे.

उलटा प्रकारही त्याच सुमारास बघायला मिळाला. एका गिऱ्हाइकाने फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये इन्व्हॉइस होतं, नाव पीडीएफचं पण विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन लपवतं ते दाखवायला लावलं तर मागे ईएक्सई. ती टाकल्यावर अर्ध्याहून जास्त लाल, आणि वेगवेगळ्या घरचे लोक एकच नाव घेत होते, एजंट टेस्ला. हा पासवर्ड चोरणारा जुना नावाजलेला प्रकार. अशा वेळी विचार करत बसायचं नाही. गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की काका, त्या मशीनवर ती उघडली असेल तर बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला, पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

सगळं हिरवं आलं तरी नाचू नये. २०१७ मध्ये कॉम्प्युटरची साफसफाई करणाऱ्या सीक्लीनरचं ५.३३ व्हर्जन खुद्द कंपनीच्या साइटवरून, रीतसर सही असलेलं, आतून बिघडवलेलं निघालं, २० लाखांच्या वर मशीनवर गेलं आणि सुरुवातीला ते जवळजवळ कोणताच अँटिव्हायरस पकडत नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने आपल्या न्हावा शेवा बंदरात मर्स्क या जहाजवाल्यांच्या कंपनीचं टर्मिनल बंद पाडलं होतं, आणि ते सगळं सुरू झालं होतं युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आणि लाल म्हणजे खरं असंही नाही, २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाइल व्हायरस म्हणून धरली आणि जगभरातले कॉम्प्युटर सारखे रीस्टार्ट व्हायला लागले. व्हायरसटोटल स्वतःच सांगतं की आम्ही अँटिव्हायरसच्या जागी नाही, पण ते वाचतं कोण.

एक तारा कापला तो प्रायव्हसीसाठी. स्पेनमधल्या एका कंपनीने २००४ ला सुरू केलेली ही साइट २०१२ ला गूगलने घेतली, आणि तिचा धंदाच असा की तुम्ही टाकलेली फाइल अँटिव्हायरस कंपन्यांना मिळते आणि पैसे भरणारे ग्राहक ती उतरवून घेऊ शकतात. आमच्या लाइनमध्ये लोक आधार, भाडेकरार, कोर्टाची कागदपत्रं घेऊन येतात. असली वर्ड फाइल संशयास्पद वाटली म्हणून तिथे चढवली तर ती परक्यांच्या हातात गेलीच समजा. खुद्द त्यांच्याच कर्मचाऱ्याने २०२३ मध्ये ५,६०० ग्राहकांच्या नावांची यादी चुकून तिथे अपलोड केली होती, त्यात गुप्तचर खात्यांची माणसंही होती, नंतर कंपनीने माफी मागितली. यावर उपाय त्याच साइटवर आहे. फाइल न देता तिचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला बोटाच्या ठशासारखा ओळखक्रमांक टाकायचा. विंडोजमध्येच सर्टयुटिल नावाची कमांड आहे, ती ६४ अक्षरांचा एसएचए-२५६ प्रकारचा हॅश काढून देते, तो सर्चमध्ये पेस्ट केला की आधी कोणी ती फाइल टाकली असेल तर रिपोर्ट समोर येतो. काहीच नाही आलं तर फाइल स्वच्छ आहे असं नाही, कोणी टाकलेली नाही एवढाच अर्थ. अपलोडच्या डब्याला एवढी मोठी जागा दिलीय आणि हा सर्च बाजूच्या टॅबमध्ये, हे मला पटत नाही.

कन्व्हर्टरवाल्याला रिपोर्टची लिंक पाठवली, त्याने पॅकिंग काढून नवीन फाइल बनवली, ती टाकली तर लाल उरले दोन. आमच्या अँटिव्हायरस कंपनीचा फॉल्स पॉझिटिव्हचा, म्हणजे चांगली फाइल चुकून धरली असं कळवायचा फॉर्म भरला, त्यांचं उत्तर आलं की फाइल ठीक आहे, पुढच्या अपडेटपासून अडवणार नाही, आणि खरंच अडवली नाही. सगळी स्मरणिका कन्व्हर्ट झाली. फक्त रफार सगळे एक अक्षर पुढे गेलेत, ते आता हाताने लावतोय, आणि त्याबद्दल सत्तरपैकी एकही अँटिव्हायरस काही बोलला नव्हता.