ड्युएट की इन द पेल मूनलाइट?

स्टार ट्रेकच्या डीप स्पेस नाइन या मालिकेचे हे दोन एपिसोड परत बघितले, लागोपाठ. ड्युएट १९९३ चा, पहिल्या सीझनचा, इन द पेल मूनलाइट १९९८ चा, सहाव्या सीझनचा.

दुसरा जास्त गाजलेला आणि आहेच तो जबरदस्त, अंतराळ स्थानकाचा प्रमुख सिस्को कॅमेऱ्याकडे बघत लॉग रेकॉर्ड करतो, तटस्थ असलेल्या रोम्युलन या परग्रहवासीयांना आपल्या बाजूने युद्धात ओढायला खोटा पुरावा बनवतो, आणि शेवटी तो लॉगच डिलीट करायला सांगतो. पण यावेळी जाणवलं की खरी घाण कामं त्याचा साथीदार, माजी हेर गॅराक करतो, सिस्को नंतर चिडून त्याला ठोसा मारतो, म्हणजे लेखकांनी हिरोला थोडं सांभाळूनच घेतलंय.

ड्युएटमध्ये तशी सुटका नाही. बराचसा एपिसोड म्हणजे एक कोठडी, स्थानकावरची अधिकारी किरा आणि तिच्या बजोर ग्रहावर जुलमी राज्य केलेल्या कार्डेशियन लोकांपैकी एक, मारित्झा, जो छळछावणीत साधा क्लार्क होता पण स्वतःला तिथला क्रूर कमांडर म्हणवतो, का तर आपल्या लोकांवर खटला चालावा म्हणून. मारित्झा झालेला हॅरिस युलिन जेव्हा बढाई मारता मारता कोसळतो ना, कानावर हात ठेवून रडायचो म्हणतो, तिथे किराचा चेहरा बघा, द्वेष कसा उतरत जातो.

माझं मत ड्युएटला, अगदी ठामपणे.