घरी बांधलेली ४५० मिलिमीटरची क्वाड फ्रेम : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात मी वाईत घरीच चार मोटरींच्या ड्रोनची (क्वाडची) फ्रेम, म्हणजे सांगाडा, बांधली आणि तेव्हापासून जवळजवळ दर रविवारी ती उडवत आहे. या वर्गाची तयार प्लॅस्टिकची फ्रेम बाजारात सहज मिळते आणि नवशिक्याला ती पुरतेही. परंतु तिचा आर्म, म्हणजे टोकाला मोटर धरणारा दांडा, मोडला की अगदी तसाच आर्म मागवून वाट पाहावी लागते, शिवाय मोटर, बॅटरी आणि कॅमेरा यांच्या जागा दुसऱ्याने ठरवलेल्या असतात. मला हवी होती ती मधल्या प्लेटा कायम ठेवून आर्म बदलता येतील अशी फ्रेम. नऊ महिन्यांत मी तिला ॲल्युमिनियम, साग आणि कार्बन असे तीन प्रकारचे आर्म लावून पाहिले. त्यातून माझे मत असे बनले आहे की, फ्रेम बांधताना आपण आर्मच्या मजबुतीचा जितका विचार करतो, त्याच्या दुप्पट विचार आर्म आणि प्लेट यांच्या सांध्याचा करायला हवा.

मधल्या दोन प्लेटा दोन मिलिमीटर जाडीच्या ग्लास-इपॉक्सीच्या आहेत. मोटर २२१२ आकाराच्या, ९२० केव्हीच्या (म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला ९२० फेरे), प्रॉप (पंखे) दहा इंची, ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारे सर्किट) ३० अँपिअरचे, बॅटरी थ्री-एस (तीन सेलची) ५,२०० एमएएचची आणि यंत्राचा तोल सांभाळणारा फ्लाइट कंट्रोलर पिक्सहॉक, त्यावर आर्डुपायलट हे सॉफ्टवेअर. बॅटरीसह वजन सुमारे १,३५० ग्रॅम भरते आणि वारा नसेल तर चौदा-पंधरा मिनिटे उड्डाण मिळते. समोरासमोरच्या मोटरींतले अंतर ४५० मिलिमीटर ठेवले की शेजारच्या मोटरींत ३१८ मिलिमीटर अंतर राहते. दहा इंची प्रॉपचा व्यास २५४ मिलिमीटर असल्यामुळे दोन प्रॉपच्या टोकांमध्ये सहा सेंटिमीटरांहून थोडी अधिक मोकळीक मिळते आणि मधल्या प्लेटा मोठ्या करण्याचा मोह झाला, तरी प्रॉपच्या फेऱ्याबाहेर किती जागा उरते हे याच हिशेबावरून ठरते.

पहिले आर्म मी १२ मिलिमीटरच्या चौकोनी ॲल्युमिनियम नळीचे केले. खिडक्यांची कामे करणाऱ्याकडे ती नळी हाताशी होती, शिवाय कापायला सोपी आणि दिसायला नेटकी. एक मिलिमीटर जाडीच्या भिंतीची वीस सेंटिमीटरची नळी २४ ग्रॅम भरते, म्हणजे चार आर्मचे शंभर ग्रॅमही होत नाहीत. पहिल्या आठवड्यात सगळे उत्तम चालले. पुढे ऑल्टिट्यूड होल्डमध्ये (यंत्राने स्वतः उंची धरून ठेवण्याच्या मोडमध्ये) यंत्र आपोआप अर्धा-एक मीटर वरखाली होऊ लागले. लॉग, म्हणजे कंट्रोलरने ठेवलेली उड्डाणाची नोंद, उघडून पाहिला तर उभ्या दिशेतले कंपन ३५ ते ४५ मीटर प्रति सेकंद वर्ग होते. आर्डुपायलटच्या मार्गदर्शनानुसार ३० च्या आतले कंपन साधारणपणे चालते, ३० च्या वर अडचणी येऊ शकतात आणि ६० च्या वर उंची किंवा जागा धरून ठेवण्यात बहुधा अडचण येतेच. प्रॉप मी आधीच संतुलित केले होते, कंट्रोलरखाली फोमही होता. दोष सापडला तो सांध्यात. पोकळ नळीतून आरपार बोल्ट घालून आवळला की नळीच्या भिंती आत दबतात. त्या क्षणी सांधा घट्ट वाटतो, पण चार उड्डाणांनंतर तोच बोल्ट बोटांनी फिरतो. आणखी आवळावे तर भिंत आणखी दबते. आर्म काढून उजेडात धरल्यावर छिद्राभोवतीची खोलगट बशी मला स्पष्ट दिसली.

यावर उपाय म्हणून नळीच्या आत, बोल्ट येतात तेवढ्या भागात, मी लाकडाचे घट्ट बसणारे तुकडे ठोकले आणि त्यांतून छिद्र पाडले. कंपन त्याच दिवशी २५ च्या आसपास उतरले. ॲल्युमिनियमची नळी वापरणाऱ्या प्रत्येकाला मी हे काम पहिल्याच दिवशी करायला सांगेन.

ॲल्युमिनियमचा दुसरा दोष अधिक फसवा आहे. डिसेंबरात यंत्र शेजारच्या उसात पडले. बझरच्या आवाजावरून शोधायला वीस मिनिटे लागली. दोन प्रॉप तुटले होते, बाकी सर्व ठीक वाटले. नवे प्रॉप लावून उडवले तर ते उडालेही. मात्र उतरल्यावर हात लावून पाहिला तेव्हा एका कर्णावरच्या दोन मोटरी चांगल्याच तापलेल्या आणि दुसऱ्या कर्णावरच्या कोमट होत्या. एक आर्म जेमतेम दोन-तीन अंशांनी पिळला होता आणि त्यावरची मोटर किंचित कलली होती. त्या कलामुळे यंत्र सतत एका बाजूला वळू पाहत होते आणि ते वळणे थांबवण्यासाठी कंट्रोलर एका कर्णावरच्या मोटरी जास्त फिरवत होता. ॲल्युमिनियम मोडत नाही, वाकते, आणि वाकलेले नजरेला दिसत नाही. तेव्हापासून प्रत्येक आपटीनंतर मी मोटरीवर छोटी स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांनी ठेवून पाहतो.

नळीत ठोकलेल्या लाकडामुळेच अख्खा आर्म लाकडाचा करण्याचे मनात आले. आमच्या आळीतल्या सुतारकाकांकडे सागाच्या पट्ट्यांचे तुकडे पडलेले होते. मी १२ मिलिमीटर चौरस छेदाचे सहा आर्म मागितले, तेव्हा त्यांनी प्रत्येक पट्टी डोळ्यांसमोर आडवी धरून पाहिली आणि दोन बाजूला टाकल्या. त्यांतले रेषे सरळ न जाता कडेला बाहेर पडत होते. अशी पट्टी तिथेच फुटणार, असे ते म्हणाले. मी त्यांतली एक हट्टाने घेतली आणि तिसऱ्या उड्डाणातल्या जोरकस उतरण्यात ती त्यांनी बोट ठेवलेल्या जागीच उभी चिरली. सरळ रेषांचे चार आर्म मात्र आजही लावलेले आहेत. वजन प्रत्येकी १९ ग्रॅम, म्हणजे ॲल्युमिनियमहून कमी. त्याच मोटरी, तेच प्रॉप आणि तोच फोम असताना कंपन १५ ते १८ वर आले. लाकूड कंपन शोषून घेते हे ऐकून माहीत होते; स्वतःच्या लॉगमध्ये ते पाहताना मला खरोखर आनंद झाला.

लाकडाला दोन गोष्टी लागतात. मोटरीचे स्क्रू नुसत्या लाकडावर आवळले की डोक्याखालचे लाकूड दबून हळूहळू सैल पडते, म्हणून आर्मच्या खालून ग्लास-इपॉक्सीची छोटी पट्टी द्यावी. दुसरे म्हणजे वार्निश. जूनच्या दमट हवेत वार्निश न केलेला जादा आर्म इतका फुगला की प्लेटांमध्ये बसेना. वार्निशचे दोन हात दिलेले आर्म जसेच्या तसे राहिले. छिद्रांच्या आतूनही वार्निश फिरवावे.

कार्बनच्या १६ मिलिमीटरच्या गोल नळ्या मी दीड महिना वापरल्या. त्या हलक्या आणि ताठ आहेत, हवेत यंत्राचा प्रतिसाद अधिक तीक्ष्ण वाटतो. पण गोल नळी क्लॅम्पमध्ये फिरू नये यासाठी जी खटपट करावी लागते, ती माझ्या वापराला परवडणारी नाही. त्यातच कार्बन वीजवाहक असल्यामुळे कापलेल्या कडेवर ईएससीच्या तारा घासल्या तर शॉर्ट होण्याची भीती असते. कापताना मास्क लावून पाण्याखाली कापावे, ती धूळ छातीत जाणे घातक आहे.

प्लेटांबद्दल एक तक्रार नोंदवायलाच हवी. पहिली जोडी मी ज्या ठिकाणाहून कापून घेतली, तिथे बोल्टची छिद्रे ०.४ मिलिमीटरने सरकली होती आणि चारही आर्म किंचित तिरपे बसत होते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण प्लेटेवर जवळजवळ असलेल्या दोन बोल्टांतला एवढा फरक आर्मच्या टोकाला तीन-चार पट होऊन मोटरीची जागा हलवतो. दुसऱ्या जोडीच्या वेळी मी आधी पुठ्ठ्यावर नमुना छापून आर्म बसवून पाहिले. आर्मची छिद्रे आता सहाही आर्म एकत्र शिकंज्यात धरून एकाच वेळी पाडतो, त्यामुळे कोणताही आर्म कुठेही बसतो.

मोटर आणि ईएससी यांच्यामध्ये मी साडेतीन मिलिमीटरचे बुलेट कनेक्टर ठेवले आहेत. सोल्डरिंग आयर्न न तापवता आर्म बदलता येतो. सुरुवातीला या कामाला पाऊण तास लागत असे, आता शेतात उभ्याने बारा मिनिटांत होते. सर्व नट नायलॉकचे (आत नायलॉनचे कडे असलेले, सहज सैल न होणारे) आहेत आणि मोटरीच्या स्क्रूंना निळे थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा द्रव, लावले आहे. मोटरीचे स्क्रू मात्र मोजून घ्यावेत. खालची पट्टी वाढवल्यावर मी लांब स्क्रू घेतले, त्यांतला एक मोटरीच्या गुंडाळीला टेकला आणि ती मोटर पहिल्याच फिरण्यात जळाली. जीपीएसचा दांडा प्लेटेपासून बारा सेंटिमीटर उंच आहे आणि त्याच्या बुडाशी लोखंडी स्क्रूऐवजी नायलॉनचे घातल्यावर कंपासची कुरकुर थांबली.

ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमच्या वर आणि दोन किलोपर्यंतचे यंत्र मायक्रो वर्गात येते. व्यावसायिक नसलेल्या वापरासाठी त्याला पायलटचा परवाना लागत नाही, पण ग्रीन झोनमध्ये (नकाशावरच्या, आधी परवानगी न घेता उडवता येणाऱ्या भागात) ४०० फुटांची मर्यादा असते. मी हळद काढून झालेल्या मोकळ्या रानात उडवतो आणि दर वेळी झोनचा नकाशा पाहूनच निघतो.

या फ्रेममध्ये अजून मनासारखे न झालेले काम म्हणजे पाय. पीव्हीसी पाइपचे पाय जड होते, बांबूच्या कामट्यांचे हलके आहेत, पण ढेकळांत उतरताना बाहेर फाकतात. त्यांचा सांधाही आर्मच्या सांध्यासारखाच दबतो आहे, फक्त इथे नळीऐवजी कामटी आहे. सध्या कामटीला बोल्टच्या जागी सुती दोरा घट्ट गुंडाळून, त्यावर इपॉक्सी मुरवून पाहत आहे. दोन पाय असे तयार झाले आहेत, उरलेले दोन या आठवड्यात होतील.