जोंधळ्याच्या भाकरीवर पॅलेस्टाईनचं झातर

पाकीट २०० ग्रॅमचं, ऑनलाइन मागवलेलं. झातर म्हणजे ओरिगॅनम सिरियाकम या झुडपाची वाळवून चुरलेली पानं, भाजलेले तीळ, सुमाक (एका झुडपाच्या आंबट फळांची वाळवून केलेली पूड) आणि मीठ. या पाकिटावर पानं पहिली लिहिलीत, म्हणूनच ते घेण्यासारखं. हलक्या मालात गव्हाचं पीठ घालून वजन वाढवतात, सुमाकऐवजी सायट्रिक ॲसिड घालतात. चिमूटभर जिभेवर ठेवा: सुमाकचा आंबटपणा हळू चढतो, ॲसिडचा लगेच टोचतो.

वास ओव्याच्या जवळचा, पण घरात ओवा कुटून झातर होत नाही. ओव्याचा तिखटपणा सगळं झाकून टाकतो.

इस्रायलने १९७७ मध्ये रानझातर संरक्षित ठरवून खुडायला बंदी घातली. पॅलेस्टिनी शेतकरी ते वेस्ट बँकेतल्या जेनीन-तुल्करेमकडे शेतात लावतात. तेव्हा नुसत्या ‘रानातलं’ या शब्दाला जादा पैसे देऊ नका.

खायचं आपल्या शेंगाचटणीसारखंच. एक चमचा झातर, दोन चमचे ऑलिव्ह तेल, दहा मिनिटं मुरू द्यायचं, म्हणजे पानं मऊ होतात. भाकरी तव्यावरून उतरवल्यावरच लावा. तव्यावर असताना भुरभुरलं तर तीळ करपून सगळं कडू होतं. ऑलिव्ह नसेल तर करडईचं रिफाइंड चालेल. घाण्याच्या शेंगतेलाचा वास मात्र झातरवर मात करतो. सर्वात छान लागतं ते चक्क्यावर. दही फडक्यात बांधून फ्रिजमध्येच टांगा, बाहेर ठेवलं तर आंबतं. झातरमध्ये मीठ असतंच, वरून घालू नका.

या पाकिटाचा दोष एकच, झिप नीट बसत नाही. खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात चार दिवसांत गोळे होतील आणि तिळाला खवट वास धरेल. आल्याबरोबर कोरड्या काचेच्या बरणीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा, ओला चमचा घालू नका.

सोबत नाब्लुसी, म्हणजे पॅलेस्टाईनच्या नाब्लुस शहरातल्या, साबणाची एक वडीही मागवता येते. ऑलिव्ह तेल, पाणी आणि क्षार, बस्स. वड्या हाताने कापून, शिक्का मारून, पोकळ मनोऱ्यासारख्या रचून महिनोन्महिने वाळवतात. ही परंपरा २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. वडी अंगाला फार सौम्य लागते. पण बोअरच्या जड पाण्यात फेस कमी येतो आणि बादलीला पांढरा थर बसतो. नळाचं किंवा पावसाचं पाणी वापरा. साबणदाणीत पाणी साचलं तर वडी बुळबुळीत होऊन लवकर संपते, म्हणून फटी असलेल्या लाकडी पाटीवर ठेवा.